गोंगाटाने मन का शिणते?

माझी शाळा वांद्र्याला, रेल्वेच्या रुळांपासून फार तर शंभर-दीडशे पावलांवर होती. गोष्ट १९९० नंतरच्या वर्षांतली. आमच्या वर्गाच्या खिडक्या रुळांकडे उघडत. धीमी लोकल, जलद लोकल, मध्येच एखादी लांब पल्ल्याची गाडी, अशी दिवसभर ये-जा चाले. गणिताच्या बाईंची एक सवय होती. गाडीचा आवाज येऊ लागला की त्या खडू फळ्यावर तसाच टेकवून ठेवीत, डावा हात वर करीत आणि गाडी पुरती निघून गेल्यावरच अर्धे राहिलेले वाक्य पुरे करीत. आम्ही त्या विरामाला 'सिग्नल' म्हणत असू. इतिहासाचे सर मात्र गाडीला न जुमानता बोलत राहत. गाडी जवळ आली की त्यांचा आवाज चढे. ती अगदी समोर आली की त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसत. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते आमच्या वर्गात नेमके बोरीवली लोकलच्या धडधडाटात! पेटाऱ्यांचे पुढे काय झाले, ते आमच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेच नाही.

गंमत अशी की, दोन्ही तासांना गाड्या सारख्याच जात. तरी गणिताच्या तासानंतर आम्ही बऱ्यापैकी ताजे असू (गणित असूनही!) आणि इतिहासाच्या तासानंतर डोके जड होई, शेजाऱ्याचा कोपर लागला तरी भांडण होई. त्या वर्षी माझ्या प्रगतिपुस्तकात शेरा आला: 'वर्गात लक्ष नसते. चिडखोर होत चालला आहे.' घरी त्याबद्दल व्हायची ती बोलणी झाली. मी कोणत्या बाकावर बसतो, हे मात्र कोणी विचारले नाही. मलाही ते सांगावेसे वाटले नाही, कारण दोष आपल्यातच आहे अशी माझी खात्री झाली होती.

पुढे मी पदार्थविज्ञान शिकवू लागलो, ध्वनीचे प्रकरण दरवर्षी मुलांपुढे मांडू लागलो, तेव्हा तो शेरा पुन्हा आठवला. अलीकडे शाळांतून मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी बरेच बोलले जाते, आणि ते बोलले जावे. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २०२० साली त्यासाठी 'मनोदर्पण' नावाचा उपक्रमही सुरू केला. मी मानसशास्त्रज्ञ नव्हे. परंतु मूल शाळेत का कंटाळते, का चिडते, का हात टेकते, याची काही कारणे मुलाच्या मनात नसून त्याच्या वर्गाच्या भिंतींत आणि खिडक्यांत असतात. त्यांचे मोजमाप करता येते. ते काम आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांचे.

प्रथम आवाज कसा मोजतात ते पाहू. आवाजाची पातळी डेसिबेल या एककात सांगतात. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य डेसिबेल. या मोजपट्टीची खुबी लक्षात ठेवा: दर १० डेसिबेलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. म्हणजे ५० च्या जागी ६० झाले तर 'थोडेसे वाढले' असे समजू नका. ऊर्जा दसपट झाली. ७० झाले तर शंभरपट. आपल्या कानाला मात्र १० डेसिबेलची वाढ साधारण दुप्पट मोठ्या आवाजासारखी वाटते. कान हा असा सोशिक हिशेबनीस आहे. प्रत्यक्ष ओझे कितीतरी वाढले तरी तो थोडेच वाढल्याचे सांगतो.

आता बाईंचा आवाज घ्या. शिकवताना त्यांच्या तोंडापासून एक मीटरवर तो ६५ डेसिबेल आहे असे समजू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. दोन मीटरवर ५९, चार मीटरवर ५३, आठ मीटरवर ४७. वर्गात भिंतींवरून परतणारा ध्वनी थोडी भर घालतो, तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचेतो तो पन्नाशीच्या आसपास आलेला असतो. आणि मुलांना बोलणे नीट, विनासायास कळायचे तर ते आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा सुमारे १५ डेसिबेलने वर असावे लागते. म्हणजे वर्गातला बाकीचा गोंगाट ३५ च्या आतच हवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गखोल्यांसाठी नेमका हाच आकडा सुचवला: शिकवणे चालू असताना ३५ डेसिबेल. स्वामी विवेकानंद रस्त्याकडे खिडक्या असलेल्या वर्गात हा आकडा रात्री बारा वाजता तरी मिळेल की नाही, अशी मला शंका आहे.

गोंगाट वाढला की सगळेच शब्द सारखे बुडत नाहीत. बोलण्यातले स्वर जोरकस असतात, त्यांची कंप्रता कमी असते. ते तरंगत राहतात. व्यंजने मात्र, विशेषतः 'स', 'श' आणि महाप्राणातला तो हलका श्वास, दुबळी आणि उच्च कंप्रतेची असतात. गाडीचा वा ट्रकचा खर्जातला दणदणाट या बारीक आवाजांना सहज झाकून टाकतो. मग 'बार' म्हटले की 'भार', 'पट' की 'फट', 'कार' की 'खार', ते कळेनासे होते. मोठी माणसे अशा वेळी संदर्भावरून गाळलेली जागा भरतात. तुम्ही ती भरू शकता, पण मोठ्यांइतकी सफाईने नाही. हे कौशल्य तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत पिकत असते. पहिली-दुसरीतल्या पोराजवळ तर शब्दांचा साठाच थोडा. आणि जे मूल घरी एक भाषा बोलते व शाळेत दुसरीतून शिकते, त्याची अडचण त्याहून मोठी. वांद्र्यात अशी मुले किती, हे मी सांगायला नको.

गाळलेल्या जागा भरण्याचे हे काम फुकट होत नाही. जे लक्ष धड्याचा अर्थ लावण्यात खर्च व्हायचे, ते शब्द ओळखण्यातच संपते. पाच तासांनंतर शीण येतो. मूल खिडकीबाहेर पाहू लागते. आणि मग शेरा येतो.

न्यूयॉर्कच्या एका शाळेची गोष्ट

हे सगळे माझ्या बाकावरचे अनुभव म्हणून सोडून देता आले असते. पण न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील एका शाळेने निसर्गतःच एक सुंदर प्रयोग मांडून ठेवला होता. 'पब्लिक स्कूल ९८' हे तिचे नाव. तिच्या इमारतीच्या एका बाजूला खांबांवरून जाणारा लोहमार्ग होता. दुसरी बाजू शांत. आर्लिन ब्रोंझाफ्ट या मानसशास्त्र शिकवणाऱ्या बाईंच्या एका विद्यार्थिनीचे मूल त्या शाळेत होते. पालक गाड्यांच्या आवाजाने वैतागले होते, दावा लावायच्या गोष्टी करत होते. ब्रोंझाफ्टबाईंनी म्हटले, दाव्याआधी मोजून तर पाहू.

त्यांनी आणि डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे साडेचार मिनिटांनी एक गाडी जाई. गाडी नसताना त्या बाजूच्या वर्गात ५९ डेसिबेल, गाडी जाताना ८९. फरक ३० डेसिबेलचा, म्हणजे ऊर्जा हजारपट! शिक्षकांचा सुमारे ११ टक्के वेळ गाड्या खाऊन टाकीत. दोन्ही बाजूंची मुले एकाच शाळेतली, एकाच वस्तीतली. तरीही वाचनाच्या चाचणीत गोंगाटाच्या बाजूची मुले शांत बाजूच्या मुलांच्या मागे पडलेली होती. खालच्या इयत्तांत तीन-चार महिन्यांनी, आणि सहावीत पोचेतो जवळजवळ एका वर्षाने.

एक वर्ष! विचार करा, त्या बाजूच्या किती मुलांनी 'आपण ढ आहोत' असे मनाशी ठरवून टाकले असेल.

यापुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. रुळांखाली रबराच्या गाद्या बसवण्यात आल्या. गोंगाटाच्या बाजूच्या वर्गांत ध्वनी शोषणारी छते लावली गेली. त्यानंतर ब्रोंझाफ्टबाईंनी पुन्हा चाचण्या पाहिल्या. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक उरलेला नव्हता. मुलांना कोणी उपदेश केला नव्हता, 'लक्ष द्या' म्हणून कोणी ओरडले नव्हते. बदलले होते ते रूळ आणि छत.

शरीरात काय होते?

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतसुद्धा कान पहाऱ्यावर असतो. पूर्वी, माणूस रानात राहत असताना, हे फार उपयोगाचे होते. अचानक मोठा आवाज म्हणजे धोका. आजही मोठा, अवचित आवाज झाला की शरीर तीच जुनी तयारी करते. ॲड्रेनलीनसारखी संप्रेरके रक्तात उतरतात, नाडी जलद होते, स्नायू ताणले जातात. पळायचे तर कुठेच नसते, बाक सोडायची परवानगी नसते! ही तयारी दिवसात अनेकदा होऊन वाया जाते, तेव्हा तिचा ताण साठतो.

जर्मनीतील म्युनिक शहराने १९९२ साली आपला विमानतळ एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेला. संशोधकांना ही पर्वणीच होती. त्यांनी दोन्ही ठिकाणची मुले आधीही तपासली आणि नंतरही. नवा विमानतळ सुरू झाल्यावर तिथल्या मुलांच्या शरीरात ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाण वाढले, आणि आपले दिवस पूर्वीसारखे बरे जात नाहीत असे ती मुले सांगू लागली. त्यांची दीर्घकालीन स्मृती व वाचन घसरले. जुना विमानतळ बंद झाला तिथे मात्र मुलांची स्मृती आणि वाचन सुधारले. आपल्या घाटकोपरच्या मुलांना हे वाचून काही आठवेल. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमाने बहुधा त्यांच्याच डोक्यावरून येतात.

मन कसे हात टेकते, याची एक खूण लॉस अँजेलिसला सापडली. तेथील विमानांच्या वाटेखालच्या शाळांतील तिसरी-चौथीची मुले व शांत भागातील मुले यांना शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच कोडे सोडवायला दिले. गोंगाटातल्या शाळांतील मुले कोडे सोडवण्यात अधिक वेळा अपयशी ठरलीच, शिवाय वेळ शिल्लक असतानाच प्रयत्न सोडून देणारी मुले त्यांच्यात अधिक निघाली. त्यांचा रक्तदाबही थोडा चढा होता. हे संशोधन १९८० सालचे. कोडे सोडवताना विमाने जात नव्हती, बरे का! चाचणी शांत जागीच घेतली होती. आपण काही केले तरी हा आवाज थांबत नाही, असा अनुभव रोज आला की 'आपल्या हातात काही नाही' ही समजूत मूल कोड्यापर्यंतही घेऊन जाते.

याच्या उलट बाजूचा एक प्रयोग मला फार आवडतो. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी काही लोकांना कानठळ्या बसवणारे आवाज ऐकवले. त्यांतील काही जणांजवळ एक बटन दिले आणि सांगितले, 'अगदीच असह्य झाले तर हे दाबा, आवाज बंद होईल. पण शक्यतो दाबू नका.' बहुतेकांनी ते दाबले नाही. म्हणजे दोन्ही गटांनी सारखाच आवाज सोसला. तरी नंतर अवघड कोडी दिली तेव्हा बटनवाले अधिक चिकाटीने झुंजले. दुसरे लौकर थकले. बटन न दाबतासुद्धा उपयोगी पडले!

आता आमच्या गणिताच्या बाई आठवा. गाड्या थांबवणे त्यांच्या हाती नव्हते. पण वर गेलेला त्यांचा हात आम्हांला सांगे की, हा आवाज आमच्या हिशेबात आहे, तो संपेल आणि तुमचे काही बुडणार नाही. ते आमचे बटन होते. बाईंनी ग्लास-सिंगर वाचले असतील असे मला वाटत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. गोंगाटाने मुलांना मानसिक आजार होतात, असे मी म्हणत नाही. लंडन, ॲमस्टरडॅम व माद्रिद येथील विमानतळांभोवतीच्या २,८०० हून अधिक मुलांची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात विमानांच्या आवाजाबरोबर मुलांचा त्रागा वाढलेला आणि वाचनाची समज कमी झालेली दिसली. एकंदर मानसिक आरोग्यावर मात्र परिणाम आढळला नाही. तेव्हा शीण, चिडचिड, हिरमोड यांना गोंगाट जबाबदार असू शकतो, सगळ्या दुःखांना नाही. कुणी मित्र शांत जागीही गप्प गप्प राहतो, खात नाही, झोपत नाही, 'मी नसलो तर बरे' असे काही बोलतो, तर तिथे डेसिबेल मोजत बसू नका. विश्वासाच्या बाईंना किंवा सरांना, घरच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा. १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सरकारी मदतसेवा विनामूल्य, चोवीस तास, मराठीतूनही मिळते.

गाद्या वाहणारा प्राध्यापक

बाहेरचा गोंगाट सोडला तरी वर्गाचा स्वतःचा एक आवाज असतो. रिकाम्या वर्गात टाळी वाजवून पाहा. 'टप्' असे ऐकू न येता 'टप्प्प्...' असे लांबत जाते. ध्वनी भिंतींवर आपटत राहतो आणि हळूहळू विरतो; याला निनाद म्हणतात. आवाज ६० डेसिबेलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल.

१८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात कोणाचे बोलणे कोणाला कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही! तेवढ्यात वक्त्याचे पुढचे पंधरा शब्द येऊन आदळत. ते दुरुस्त करण्याचे काम वॉलेस सॅबिन या सत्तावीस वर्षांच्या तरुण प्राध्यापकावर आले. शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या तो रात्री वाहून आणी, ऑर्गनची एक नळी वाजवी, घड्याळ हातात धरून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवी. जितक्या गाद्या अधिक, तितका निनाद कमी. असे कित्येक महिने केल्यावर त्याला एक सोपे सूत्र सापडले:

निनादकाल (सेकंदांत) = ०.१६१ × खोलीचे घनफळ ÷ एकूण शोषण

शोषण मोजायला सॅबिनने एकक घेतले उघड्या खिडकीचे. उघड्या खिडकीवर पडलेला ध्वनी बाहेर जातो तो परतत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक एकक. गिलावा केलेली भिंत पडलेल्या ध्वनीचा जेमतेम तीन टक्के भाग शोषते.

आपल्याकडचा एक वर्ग घेऊ. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३.५ मीटर उंच. घनफळ १६८ घनमीटर. भिंती, जमीन आणि छत मिळून १९४ चौरस मीटर, सगळे गिलावा नाहीतर फरशी. शोषण सुमारे ५.८. सूत्रात घाला: निनादकाल साडेचार सेकंदांहून जास्त! सॅबिनच्या व्याख्यानगृहाच्या जवळपासच. आता सहा चौरस मीटरच्या खिडक्या उघडू. शोषण ११.८ झाले, निनादकाल २.३ सेकंदांवर आला. मग ५० मुले आत आणून बसवू. मूल हे उत्तम शोषक असते (ध्वनीचे, धड्याचे नेहमीच नव्हे). एका मुलाचे सुमारे ०.३५ एकक धरले तर १७.५ ची भर पडते आणि निनादकाल ०.९२ सेकंद होतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे ०.६ सेकंदाच्या आसपास.

म्हणजे काम अर्ध्याहून अधिक झाले आहे. मागच्या भिंतीवर व छताच्या कडेने मिळून वीस चौरस मीटर जागेवर एखादा जाड, सच्छिद्र पदार्थ लावला, जो निदान साठ टक्के ध्वनी शोषतो, तर आणखी १२ एकके मिळतात आणि निनादकाल ०.६५ पर्यंत उतरतो. बाजारात यासाठी तयार फळ्या मिळतात. त्या घेताना आग लवकर न पकडणाऱ्याच घ्याव्यात, हे शाळेच्या व्यवस्थापकांना सांगायला हवे. पातळ कापडाचा पडदा किंवा अंड्यांचे खोके भिंतीला चिकटवून फारसे काही होत नाही, हेही सांगून ठेवतो. दरवर्षी कोणीतरी तो प्रयोग करतेच.

आपल्या हवेत एक पेच मात्र सुटत नाही. खिडकी उघडी ठेवावी तर वर्गाचा निनाद घटतो आणि वाराही येतो. पण रिक्षांचे भोंगे त्याच वाटेने आत येतात. वांद्रे हे मुंबईच्या रिक्षांचे प्रवेशद्वार, कारण त्यापुढे दक्षिणेला त्यांना जाऊ देत नाहीत. इथे स्थानकाबाहेर जो मेळा जमतो त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. खिडकी बंद करावी तर पंख्याची घरघर आणि घाम. निनाद वाढला की मुलेही नकळत मोठ्याने बोलू लागतात. ही खोड एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली नोंदवली, म्हणून तिला लोंबार परिणाम म्हणतात. हिशेब पाहा: एका मुलाची कुजबुज ४० डेसिबेल असेल तर पन्नास मुलांची मिळून ५७. त्यात प्रत्येक जण दुसऱ्यावर कडी करू लागला की मासळीबाजार व्हायला किती वेळ?

कायद्याने शाळांची बाजू घेतलेली आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांत शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्या भोवतीच्या १०० मीटर परिसराला शांतता क्षेत्र मानले गेले. तेथे दिवसा ५० डेसिबेलची मर्यादा. ही क्षेत्रे मुंबईत प्रत्यक्षात यावीत म्हणून सुमायरा अब्दुलाली, डॉ. यशवंत ओक व त्यांचे सहकारी २००३ साली मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मात्र राज्य सरकारने जाहीर केलेले क्षेत्रच शांतता क्षेत्र ठरते. तेव्हा आपल्या शाळेचे नाव त्या यादीत आहे का, ते विचारायला हरकत नाही. वाहतूक पोलिसांनी तर एकदा गमतीदार युक्ती केली. सिग्नलच्या खांबांवर आवाजमापक बसवले. लाल दिव्यापाशी भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबेलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू! मुंबईत ज्या मोजक्या ठिकाणी हा प्रयोग झाला त्यांत वांद्रेही होते. २०२० च्या जानेवारीअखेरीस पोलिसांनी त्याची चित्रफीत दाखवली. मला ती युक्ती पटली. भोंगा वाजवणाऱ्याला त्याचा परिणाम ताबडतोब दिसतो.

आता तुम्ही काय कराल? बाकांच्या आणि खुर्च्यांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, नाहीतर फुटके टेनिसचे चेंडू कापून बसवा. दर तासाला होणारा करकराट त्याच दिवशी थांबतो. घरघरणाऱ्या पंख्याची तक्रार लेखी करा. बाक आठवड्याने फिरवून घ्यावेत, म्हणजे खिडकीकडचा गोंगाट एकाच मुलाच्या वाट्याला येत नाही, असे वर्गशिक्षकांना सुचवा. आणि बाईंची परवानगी घेऊन हाताची एक खूण ठरवा. ऐकू आले नाही तर शेवटच्या बाकावरच्यानेही ती करावी, बाईंनी वाक्य पुन्हा म्हणावे, कोणी हसू नये.

त्याआधी आपल्या वर्गाचे मोजमाप करा. मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय मिळते. तिचा आकडा अचूक नसतो, पण दोन जागांतला फरक कळायला पुरतो. मात्र सगळी मोजणी एकाच मोबाइलने करा. वर्गाचा नकाशा काढा. प्रत्येक ओळीतल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या बाकावर, मुले असताना व नसताना, दोन दोन मिनिटे आवाज मोजा. एका तासात बाईंना किती वेळा थांबावे लागले त्याच्या रेघा ओढा. मग एकाने फळ्यापाशी उभे राहून, तोंड वहीने झाकून, पंचवीस सुटे शब्द नेहमीच्या आवाजात वाचावेत आणि बाकीच्यांनी ऐकू येतील तसे लिहावेत. 'बार-भार', 'पट-फट', 'कार-खार' अशा जोड्या त्यात मुद्दाम मिसळा. कुठल्या बाकावर किती चुकले ते नकाशावर भरा. ज्याचे शब्द अधिक चुकले त्याची जागा बदलून, नवे शब्द घेऊन, चाचणी पुन्हा घ्यायची आहे हे आधीच ठरवून ठेवा. आणि प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ, पंखे चालू होते की बंद, खिडक्या उघड्या होत्या की मिटलेल्या, हे लिहायला विसरू नका; नाहीतर पावसाळ्यातल्या नोंदी हिवाळ्यातल्या नोंदींशी जुळणार नाहीत.